गळाला काय लावायचं?

दिवाळीत कोकणात जाणाऱ्या पुणेकरांच्या एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. म्हणजे सुट्टीचे सगळे दिवस उधाणाचे. समुद्र जेव्हा सगळ्यात जास्त चढतो आणि सगळ्यात लांब उतरतो, नेमके तेव्हा आपण किनाऱ्यावर असतो. गळ टाकून गरवायला बसणाऱ्यांना उधाणाची भरती हवी असते. मला त्यातली ओहोटी जास्त मोलाची वाटते, कारण चारा ओहोटीत सापडतो, आणि चारा नसेल तर हातातल्या रॉडला काठीपलीकडे किंमत नाही.

*

भरतीची वेळ मोबाईलवर मिळते. पण किनाऱ्यावर रेंज जाते, म्हणून जुना हिशेब पाठ असावा. तिथीची पाऊणपट करायची. पंचमी असेल तर पाच पाऊण पावणेचार. पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी एक आणि पहाटे एक. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, किनारा बदलला की थोडा फरक पडतो, पण सकाळी किती वाजता उठायचं एवढं त्यातून नक्की कळतं. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला हे बोटांवरही मोजावं लागत नसे. आपल्याला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. 1973 पासून ते निघतंय, आणि पुण्यातल्या किती घरांत भरती-ओहोटीचं कोष्टक चहाच्या कपाटाशेजारी लटकतंय हे त्या घरांना माहीत नाही.

*

या हिशेबातून एक सोय आपोआप निघते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर ओहोटी सकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान येते, आणि पुन्हा संध्याकाळी. सकाळी उजाडता उजाडता चारा गोळा करायचा आणि चढत्या पाण्याबरोबर दहा-अकरापर्यंत गरवायचं. अष्टमीला नेमकं उलटं. ओहोटी भर दुपारी बाराला, तीही अर्धवट, कारण भांग असतो. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. चारा मिळत नाही, मासाही आळसावलेला.

पुणेकर शनिवार-रविवार बघून निघतो, समुद्र तिथी बघून. दोघांची गाठ महिन्यातून एखाद्या वेळी पडते.

*

उधाणाचं पाणी मुंबईला साडेचार-पाच मीटर चढतं. दक्षिणेकडे जावं तसं ते कमी होत जातं, गोव्यात दोन-सव्वादोन मीटरवर येतं. म्हणून श्रीवर्धन-दिवेआगरला ओहोटीत जेवढी जमीन उघडी पडते तेवढी वेंगुर्ल्याला पडत नाही. ताम्हिणी उतरून माणगाव-म्हसळ्यामार्गे जवळच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांना याचा कमीपणा वाटायचं कारण नाही. चाऱ्याच्या बाबतीत उत्तर कोकण श्रीमंत आहे.

*

बाणकोटच्या खाडीवर बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट जाते. धक्क्यावर बोटीची वाट बघणाऱ्यांत दोघे-तिघे हमखास तंगूस सोडून बसलेले असतात. रॉड नाही, रीळ नाही. हाताला गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गळ. एकदा तिथे पुण्याचा एक तरुण नवाकोरा रॉड घेऊन उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"पुण्याचे काय?"

"हो काका. कसं ओळखलंत?"

"कणीक लावलीत ना गळाला."

तरुण ओशाळला. म्हाताऱ्याने स्वतःच्या डब्यातली एक कोळंबी त्याच्यापुढे धरली. "बोय आली तर खाईल ती पीठ. बाकी कोण नाय खात इथे."

म्हाताऱ्याचं म्हणणं बरोबर होतं. खडकवासल्याच्या आणि पवनेच्या काठावर कणीक, भाजलेलं बेसन, पाव, गांडूळ यांवर रोहू-कतला-तिलापिया येतात, म्हणून आपला हात त्याच डब्याकडे जातो. खाऱ्या पाण्यातले गळाला लागणारे बहुतेक मासे मांसाहारी. त्यांना वास लागतो तो रक्ताचा आणि कवचाआडच्या मऊ मांसाचा. शिवाय कणीक लाटेत दोन मिनिटं टिकत नाही.

*

पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या माशांवर लिहिणारा जुना माणूस म्हणजे कर्नल साइक्स. दख्खनच्या नद्यांतल्या माशांवरचा त्याचा लेख 1839च्या सुमाराचा, आणि आजही आपल्या नद्यांतल्या काही माशांच्या शास्त्रीय नावांपुढे त्याचं नाव लागतं. त्याच्या काळची मुळा-मुठा आज डोळ्यांपुढे आणणं अवघड आहे. असो. ही वही समुद्राची.

*

ओहोटीच्या किनाऱ्यावर वरून खाली चालत जावं. प्रत्येक पट्ट्यात वेगळं काही सापडतं.

सगळ्यात वर, सुरूच्या झाडांखाली कोरडी वाळू. इथे मोठी बिळं असतात, तोंडाशी वाळूचा ढीग. देठांवर डोळे असलेला फिकट रंगाचा खेकडा दिवसा आत आणि रात्री बाहेर. टॉर्च मारला की क्षणभर थिजतो. तेवढ्यात टोपली टाकली तर मिळतो, नाहीतर त्याच्यामागे पळणारा माणूसच किनाऱ्याची करमणूक होतो. खडकातल्या तांबोशीला हा आवडतो. 

त्याखाली ओल्या वाळूत मोहरीपासून वाटाण्यापर्यंतच्या आकाराच्या हजारो गोळ्या पसरलेल्या. नखाएवढे खेकडे वाळू तोंडात घालतात, तिच्यातलं खाद्य काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. बिळापासून निघालेल्या रांगा बघायला सुंदर, पण गळाला लावण्याजोगं त्यात काही नाही. लहान मुलांना इथे बसवून पुढे जावं.

मग लाट जिथे येऊन परत जाते तो पट्टा. लाट परतताना वाळूवर बारीक बारीक उलट्या रेघा उमटतात, इंग्रजी व्हीसारख्या. तिथे दोन्ही हातांची ओंजळ खोल घालून वाळू उपसली की तळहातावर काहीतरी वळवळतं. करंगळीच्या पेराएवढा, अंड्याच्या आकाराचा, राखाडी, गुळगुळीत कवचाचा जीव. खेकड्यांचाच भाऊबंद, पण नांग्या नाहीत आणि चालतो मागच्या मागे. हातातून निसटला तर पाठीकडून वाळूत शिरतो आणि दोन सेकंदांत गायब होतो. लाटेत अडकलेले कण गाळून खाणं हा त्याचा धंदा. रेघ दिसते ती त्याच्या मिशांमुळे. याच पट्ट्यात चिमुकल्या त्रिकोणी शिंपल्याही असतात. लाटेबरोबर वर येतात आणि पायाने वाळू खणून आत जातात. 

आणि सगळ्यात खाली, खाडीच्या मुखाशी जिथे वाळूत चिखल मिसळतो, तिथे खरा माल. वाळूतून बोटभर वर आलेली नळी दिसते. अंगभर शिंपल्यांचे तुकडे, काटक्या, समुद्री गवताचे धागे चिकटवलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो कचराच वाटतो. आत लांब, चपटा, चमकदार किडा असतो, दोन्ही बाजूंना पायांच्या झालरी. नळी धरून ओढली की नळी हातात येते आणि किडा तळाशी सरकलेला असतो. म्हणून नळीला हात लावायचाच नाही. वीतभर अंतरावर फावडं सरळ उभं घालायचं आणि ढेकळासकट एकदम उलथायचं. ढेकूळ हाताने फोडलं की किडा अर्धा बाहेर येतो. त्याला ओढलं तर तो तुटतो, जरा धीर धरला तर पुरता येतो. मुडदुशीला याच्यासारखं दुसरं खाणं नाही. कोळंबी पुढे करा, ती हुंगून जाते. किडा पुढे करा, ती गिळते.

खणलेला खड्डा बुजवावा. पाठीमागून पोरं पळत येत असतात.

*

रॉडच्या दुकानात आता प्लॅस्टिकचे, रबराचे, चकचकीत खोटे मासे मिळतात. एकेकाची किंमत किलोभर कोळंबीएवढी. त्यांच्यावर मासा लागतो, नाही असं नाही. रावस आणि जिताडा तर छान लागतात. पण मला त्यांचं फारसं प्रेम नाही. खोटा मासा घेऊन येणारा माणूस गाडीतून उतरतो, खडकावर उभा राहतो, टाकतो आणि ओढतो. किनारा त्याच्या पाठीशी राहतो. चारा शोधणाऱ्याला निदान दोन तास खाली बघून चालावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं, वाळू आणि चिखल यांतला फरक पायाला कळावा लागतो. त्या दोन तासांत खाडीचं मुख कुठे सरकलं, खडक कुठे उघडा पडतो, कुठे पाणी साठून राहतं हे सगळं समजतं, आणि नंतर गळ कुठे टाकायचा हे वेगळं शोधावं लागत नाही. मासा तिथेच येणार असतो, जिथे आपण चारा उकरला. तोही त्याचसाठी येतो. पाणी चढायला लागलं की मासे त्या उघड्या पडलेल्या जमिनीवर पंगतीला आल्यासारखे येतात.

*

खडकांचा किनारा असेल तर कालवं. ओहोटीला हातात कोयती आणि कमरेला डबा घेऊन बायका बसलेल्या असतात. कालव खडकाला असं चिकटलेलं असतं की नवख्याला खडकाचाच खडबडीत पापुद्रा वाटावा. कोयतीचं टोक नेमक्या फटीत, एक ठोका, वरची शिंप उडते, टोकाने आतलं मांस डब्यात. आपण करायला गेलो तर बोट कापतं. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि ती जखम लवकर भरत नाही.

"मावशी, थोडी कालवं देता का?"

"खायला की गळाला?"

"गळाला."

"मग ही बारकी घ्या. मोठी कशाला वाया घालवता?"

पैसे देऊन घ्यावीत. तो खडक तिचा रोजगार आहे, आपली सुट्टी नाही. आणि काहीही म्हणा, ती ज्या वेगाने फोडते त्याच्या दशांश वेगानेही आपल्याला जमणार नाही.

*

कालव गळावर टिकत नाही, ही त्याची अडचण. वास उत्तम, पण मांस शेंबडासारखं. त्याला उपाय शिवणाचा बारीक दोरा. गळाच्या दांडीवर कालव गुंडाळून त्यावर सात-आठ फेरे घ्यायचे, गाठ नको, शेवटचं टोक नुसतं ओढून तोडायचं. गळाचं टोक मात्र उघडं ठेवायचं. तिसऱ्या किंवा मुळे असतील तर आदल्या रात्री सोलून मीठ लावून ठेवावेत. मिठाने मांस आवळतं आणि चिवट होतं. बोंबील वासाला चांगला, पण त्यालाही दोरा लागतो. माकूळ सगळ्यांत सोयीचं. बोटाएवढी पट्टी कापली की तासभर गळावरून हलत नाही, केंडाने कुरतडली तरी थोडी उरते. तारलीचा तुकडा तिरका कापावा, तेल पाण्यात पसरतं. कोळंबी डोकं काढून शेपटीकडून ओवावी. जिताड्यासाठी मात्र जिवंत कोळंबी, आणि तिला गळ शिंगाजवळून असा घालायचा की ती मरू नये.

*

जिताड्याबद्दल एक. रायगडकरांना त्याचा अभिमान आहे, पाहुणचाराला तो लागतो. हा मासा तरुणपणी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा धरून फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी धरून उभा असतो. आपल्याकडे 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली, बारीक मासे पकडू नयेत म्हणून. बारीक सोडावा हे पटतं. जिताड्याचं पाहिल्यावर वाटतं, फार मोठाही सोडावा. पण हे रायगडात मोठ्याने बोलू नये.

*

मालवणकडे गेलं तर रापण बघावी. अर्धवर्तुळात टाकलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्यावर ओढत आणतात. शेवटी वाळूवर जे येतं त्यातली विकाऊ मासळी बाजूला काढली की बारीकसारीक उरतं. नम्रपणे मागितलं तर मूठभर मिळतं, त्याहून ताजा चारा नाही. ओढायला हात लावला तर मागावंही लागत नाही. मात्र तिथेच समोर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. त्यातल्या खडकांवर शिंपल्या उकरायच्या नाहीत.

*

पुण्यातूनच चारा नेणारे असतात. वर्तमानपत्रांतल्या बाजारभावात रविवारी मासळीचे चार वर्ग येतात: खोल समुद्रातली, खाडीतली, नदीतली, आणि आंध्रातून येणारे रोहू-कतला-सीलन. पहिला आणि शेवटचा टनांत, मधले दोन किलोंत. गणेश पेठेत सकाळी गेलं तर खाडीची कोळंबी मिळते, नाही असं नाही. पण ती कोकणातून घाट चढून आलेली, आपण ती बर्फात घालून पुन्हा घाट उतरवतो आणि ज्या खाडीतून ती निघाली तिथेच गळाला लावतो. ज्यांना हे शहाणपणाचं वाटतं त्यांनी जरूर करावं. मी माकूळ नेतो, कारण ते किनाऱ्यावर हमखास मिळेल असं नसतं.

*

हर्णैच्या बंदरावर लिलाव संपल्यावर अर्ध्या तासाने जावं. वाळूवर फुटकी, तुडवलेली, पाटीतून पडलेली मासळी असते. कावळे, घारी, मांजरं आणि आपण. मान कुणालाच नाही, पोट सगळ्यांचं भरतं.

*

हात घालण्याआधी:

शिंगाळा लागला तर पक्कड. पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन करवती काटे असतात, विषारी. घाईत पायाने दाबून गळ काढणाऱ्याच्या चपलेतून काटा आरपार जातो.

केंड लागला तर फुगतो. पोरं हसतात, हसू द्यावं, पण हाताळू देऊ नये आणि चुलीपर्यंत तर अजिबात जाऊ देऊ नये. त्याचं विष शिजवून जात नाही. 

उथळ, गढूळ पाण्यात चारा शोधताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूतून सरकवत न्यावेत. पाकट तळाशी वाळू पांघरून पडलेलं असतं, चाहूल लागली की निघून जातं, पाय पडला तर शेपटी मारतं. 2013 च्या गणेशोत्सवात गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या कितीतरी जणांना असा डंख बसला होता. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून धरणं हा पहिला उपाय, दवाखाना दुसरा, आणि दुसरा टाळायचा नाही.

*

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचे खडक गरवायला मोहात पाडतात. पाणी पायाशीच खोल, गोबरा आणि तांबोशी दोन्हींची वस्ती. पण तिथे लाट खडकावर चढते ती सांगून चढत नाही, आणि भरतीत ही वाट बंद होते. गावातला माणूस उठला की आपणही उठावं. "अजून एक टाकतो" म्हणणारे बहुधा घाटावरचे असतात. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या महाविद्यालयाच्या सहलीतली मुलं बुडाली, तीही सपाट, शांत दिसणाऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत न्याहारीची वेळ असते, भरतीची नसते.

पावसाळ्यात तर जाऊच नये. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, ती माशांच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठीही. नारळी पौर्णिमेला कोळी नारळ देतात, मग होड्या बाहेर पडतात. हौशी माणसाने त्यांच्या आधी घाई करण्यात कसली हौस?

*

तंगूस तुटतो. खडकात अडकला की ओढून तोडण्यावाचून इलाज नसतो. पण पिळलेला, गाठी पडलेला तंगूस वाळूत टाकून येणारे आहेत, त्यांना काय म्हणावं? तो कुजत नाही आणि दिसत नाही. वेळास, हरिहरेश्वर, दिवेआगर या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं त्याच वाळूवरून समुद्राकडे निघतात. खिशात रिकामी काडेपेटी ठेवावी, तुकडे तीत भरावेत.

*

उरलेला चारा हा कुटुंबातल्या भांडणाचा विषय. कोळंबी आणि कालवं तिथेच पाण्यात परत द्यावीत, वाळूवर टाकली तर कुत्री जमतात. खोलीच्या मालकीणबाईंच्या मांजराला तारल्या चालतात. किडे समुद्राच्या ओल्या शेवाळात गुंडाळून सावलीत ठेवले तर दुसऱ्या दिवशीही जिवंत असतात. गोड्या पाण्यात टाकले की मरतात, म्हणून हॉटेलच्या बेसिनमध्ये धुऊ नयेत, बेसिनच्या दृष्टीनेही.

माकूळ तेवढं पुण्यात परत येतं आणि फ्रीझरमध्ये जातं. ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवायचं असेल तर झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं, आणि डबा मागच्या कोपऱ्यात, मटारच्या पिशवीखाली.